चालत्या श्वासातला फुफ्फुसाचा एमआरआय: बेळगावात मिळणारी तपासणी किती कामाची?

"फुफ्फुसाचा एमआरआय निघतो का?" हा प्रश्न बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात पेशंट विचारतात आणि बरेच डॉक्टरही विचारतात. निघतो. श्वास रोखायला न लावता, पेशंट रोजच्यासारखा श्वास घेत पडून असताना निघतो. त्यात फुफ्फुस फुलताना आणि आवळताना दिसतं, शिवाय हवा कुठे पोचते आणि कुठे पोचत नाही याचा अंदाज येतो. ना किरण, ना इंजेक्शन.

बेळगाव शहरातल्या एका खाजगी सेंटरवर दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशीनवर ही तपासणी करून देतात. हे परीक्षण त्या सेवेचं आहे. सेंटरचं नाव देत नाही, कारण यातलं बरं-वाईट बाहेरच्या पाटीवर अवलंबून नाही, त्या वेळी कन्सोलवर (मशीन चालवायच्या संगणकावर) कोण बसलंय यावर आहे. तेच निकष लावून हुबळी, मिरज किंवा कोल्हापूरचं सेंटरही पारखता येईल. लिहिणारे आम्ही छातीच्या इमेजिंगचं काम रोज करतो, तेव्हा मत आधीच सांगून टाकतो. हलतं चित्र उत्तम आहे. हवेचा रंगीत नकाशा चांगला आहे, पण आकडे तपासल्याशिवाय त्यावर भरवसा टाकू नये. रिपोर्ट आणि सीडी देण्याची पद्धत कच्ची आहे. आणि बारीक गाठ शोधायची असेल तर या वाटेला जाऊच नये, सीटी करावा.

आधी अडचण कुठे आहे ते बघू. एमआरआयला सिग्नल मिळतो तो मुख्यतः पाण्यातल्या हायड्रोजनकडून. फुफ्फुसात पाणी कमी आणि हवाच जास्त. इतर मऊ अवयवांच्या मानाने त्याची घनता पाव ते पंचमांश. त्यात कोट्यवधी वायुकोश (हवेच्या बारीक पिशव्या), आणि प्रत्येकाच्या भिंतीशी हवा आणि ऊती यांची सीमा. अशा प्रत्येक सीमेवर चुंबकीय क्षेत्र थोडं थोडं बिघडतं. त्यामुळे जो काही तुटपुंजा सिग्नल असतो तोही दीड टेस्लावर एक ते दोन मिलिसेकंदांत विझतो. वरून श्वास हलवतो, हृदय हलवतं. म्हणून साधा, सावकाश काढलेला एमआरआय छातीत काळं पोकळ चित्र देतो.

इथेच गिऱ्हाईक एक चूक करतं. "तीन टेस्ला आहे का? नसेल तर नको." मेंदूसाठी, गुडघ्यासाठी ठीक. फुफ्फुसाला उलटं आहे. क्षेत्र जेवढं दांडगं, तेवढा हवा-ऊती सीमेवरचा बिघाड जास्त. तीन टेस्लावर तोच सिग्नल एक मिलिसेकंद संपायच्या आत जातो. हलत्या चित्रासाठी जो जलद सिक्वेन्स (चित्र घ्यायची ठरलेली पद्धत) वापरतात त्यात काळे पट्टेही तीन टेस्लावर जास्त पडतात आणि शरीराला मिळणाऱ्या ऊर्जेची मर्यादाही लवकर गाठली जाते. फुफ्फुसासाठी दीड टेस्ला हे कमीपणाचं लक्षण नाही. जगात तर ०.५५ टेस्लाच्या मशीन फुफ्फुसासाठी मुद्दाम वापरून बघताहेत, कारण तिथे हाच सिग्नल कितीतरी जास्त वेळ टिकतो. तेव्हा या सेंटरला मशीनपोटी आम्ही पूर्ण गुण देतो.

आता वेगाचा हिशेब. तो समजला तर निम्मी तपासणी समजली. एक चित्र ओळी-ओळींनी भरतं. १२८ ओळी आणि प्रत्येक ओळीला १.९ मिलिसेकंद धरले तर एका चित्राला साधारण २४३ मिलिसेकंद लागतात. मधली फट धरून ३०० मिलिसेकंदांना एक, म्हणजे मिनिटाला २०० चित्रं. छेदाची (एका चित्रात येणाऱ्या छातीच्या कापाची) जाडी १२ ते १५ मिलिमीटर, चित्राची चौकट ४५ सेंटिमीटर. चौकटीला १२८ ने भागा, एक ठिपका साडेतीन मिलिमीटरचा होतो. पाच-सहा मिलिमीटरची गाठ अशा चित्रात सापडेल ही अपेक्षाच ठेवू नये.

इतक्या वेगाची चित्रं एका रात्रीत आलेली नाहीत. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पीटर मॅन्सफिल्ड यांनी १९७७ मध्ये एकाच उत्तेजनात अख्खं चित्र घ्यायची पद्धत मांडली. पॉल लॉटरबर यांच्यासोबत त्यांना २००३ चं नोबेल मिळालं ते एमआरआयच्या पायाभूत कामासाठी. जर्मनीत गॉटिंगनला येन्स फ्राम यांच्या गटाने २०१० मध्ये २० मिलिसेकंदांना एक चित्र काढून दाखवलं. इथे चर्चेत असलेली पद्धत, म्हणजे साध्या श्वासातल्या चित्रमालिकेतून हवेचा आणि रक्ताचा नकाशा वेगवेगळा काढणं, हायडेलबर्गच्या बाउमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तिला फुरिये विघटन म्हणतात.

कल्पना सरळ आहे. श्वास आत घेतला की फुफ्फुस विरळ होतं, ठिपक्याचा सिग्नल उतरतो. सोडला की चढतो. रक्ताचा प्रत्येक ठोकाही सिग्नल किंचित हलवतो. एका छेदाची २०० चित्रं घ्यायची, संगणकाने ती सगळी एकाच श्वासस्थितीवर जुळवायची आणि मग प्रत्येक ठिपका कोणत्या लयीत हलतोय ते काढायचं. मिनिटाला १५ ची लय सापडली तर ती हवेची, ७० ची सापडली तर रक्ताची. श्वास सोडताना ठिपक्याचा सिग्नल १०० आणि घेताना ८० असेल तर तिथे हवेचा बदल २० टक्के. जिथे बदल नाही, तिथे हवा जात नाही.

जे बिघडतं ते इथेच. मिनिटाला २०० चित्रं घेतली तर १०० पर्यंतचीच लय खरी पकडता येते. त्यापुढची लय खोटा आकडा घेऊन उमटते, जसं सिनेमात पंख्याची पाती उलटी फिरताना दिसतात. पेशंटची नाडी ११० असेल तर ठोका २०० वजा ११०, म्हणजे ९० वर दिसतो. एवढं चालून जातं, कारण ९० ची लय श्वासापासून लांबच असते. पण रडणाऱ्या तान्ह्या बाळाची नाडी १७० असेल तर ठोका ३० वर येऊन बसतो, आणि बाळाचा श्वासही ३० च्या आसपासच असतो. मग हवेच्या नकाशात रक्त मिसळतं आणि नकाशा दिसायला अगदी सुंदर येतो. घात असा सुंदर नकाशाच करतो. उपाय माहितीतला आहे: समांतर इमेजिंग (अनेक अँटेनांनी एकाच वेळी सिग्नल घ्यायची युक्ती) दुप्पट लावून ओळी निम्म्या करायच्या, एक चित्र सव्वाशे मिलिसेकंदांच्या आत आणायचं. चित्र थोडं दाणेदार होतं, कारण ओळी निम्म्या झाल्या की सिग्नलही घटतो, पण लय खरी मिळते. या सेंटरवर मोठ्या माणसांसाठीची सेटिंग बरोबर आहेत. लहान मुलांसाठी वेगळा प्रोटोकॉल ठेवलेला नाही. मुलाला नेणार असाल तर टेबलावर झोपवण्याआधी "नाडी किती आहे, मिनिटाला फ्रेम किती लावताय?" हे विचारा. फ्रेम, म्हणजे चित्रं, नाडीच्या दुपटीपेक्षा जास्त हव्यात. सांगताना टेक्निशियन चाचरला, तर थांबा आणि रेडिओलॉजिस्टला बोलवायला सांगा.

तयारीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागाचे प्रश्न वेगळे आहेत.

उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्री, लेथ, ग्राइंडिंगवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधीतरी लोखंडाचा कण गेलेला असतो. बऱ्याचदा तो काढून घेतलेला असतो, कधी आत राहिलेला असतो आणि माणूस विसरून गेलेला असतो. चुंबकात तो कण हलला तर दृष्टी जाऊ शकते. अशा पेशंटचा आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढलाच पाहिजे. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं ठाणं, गावोगावी माजी सैनिक आहेत. छर्रा अंगात राहिलेला असू शकतो, तो कुठे आहे हे एक्स-रेवर बघितल्याशिवाय आत सोडू नये. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट हे तर सगळीकडेच विचारतात. बायकांच्या बाबतीत मंगळसूत्र, जोडवी आणि नथ काढली जाते, पण ब्लाउजच्या हुकाकडे आणि पदराच्या सेफ्टी पिनकडे लक्ष जात नाही. छातीवरची एक पिन त्या भागाचं अख्खं चित्र काळं करते. गाऊन घालून द्या म्हणून आग्रह धरा.

या सेंटरचं संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत आहे. खानापूर, येळ्ळूर, उचगाव भागातली म्हातारी माणसं दोन्ही वाचू शकत नाहीत आणि दाखवलेल्या जागी अंगठा उमटवतात. त्या कागदावर धातूचे प्रश्न असतात. ते वाचलेच गेले नाहीत तर सुरक्षेची पहिली पायरी गळाली. सोबतच्या माणसाने एकेक प्रश्न मराठीत विचारून घ्यावा, घाई करू देऊ नये. सेंटरने मराठी पान छापलं तर फार मोठं काम होईल, आणि खर्च कागदाचाच.

तपासणीला पोट तट्ट भरून जाऊ नये. भरलेलं, गॅस झालेलं पोट डावं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) वर ढकलतं आणि जठरातली हवा शेजारच्या फुफ्फुसाचं चित्र बिघडवते. दोन-तीन तास आधी हलकं खाल्लं तर चालतं. इनहेलर मनाने बंद करू नये. शेवटचा पफ किती वाजता घेतला ते मात्र सांगावं आणि लिहून घ्यायला लावावं. त्याच दिवशी स्पायरोमेट्री (नळीत फुंकून श्वास मोजायची तपासणी) करून घेतली तर नकाशा वाचायला फार मदत होते.

मग कॉइल, म्हणजे सिग्नल पकडणारा अँटेना. पुढच्या बाजूने छातीवर एक चटईसारखी कॉइल ठेवतात, पाठीखालची टेबलातच असते. पोटाच्या तपासणीची सवय असलेला टेक्निशियन ती चार बोटं खाली ठेवतो. मग फुफ्फुसाची टोकं, म्हणजे गळपट्टीच्या हाडामागचा भाग, अंधारा येतो. टीबीच्या जुन्या खुणा नेमक्या तिथेच असतात. कॉइलची वरची कड खांद्याच्या रेषेला टेकली पाहिजे. पट्टा आवळूनही चालत नाही. ज्या छातीची हालचाल मोजायची तीच बांधून ठेवली तर मोजणार काय? तळहात सहज सरकेल एवढी सैल हवी. श्वासाचा संवेदक पट्टा जिथे हालचाल सर्वांत जास्त दिसते तिथे बांधायचा. पुरुषांत आणि मुलांत बहुधा पोटावर, काही बायकांत छातीवर. अर्धं मिनिट नुसतं बघितलं की कळतं. या सेंटरवर हे अर्धं मिनिट दिलं जात नाही. सगळ्यांना पोटावरच बांधतात.

हात कुठे ठेवायचे? डोक्यावर घेतले तर चित्र साफ येतं, पण खांदा दुखणाऱ्याला अर्धा तास जमत नाही. अंगालगत ठेवले तर चौकटीबाहेरचा हात उलट बाजूने फुफ्फुसावर येऊन पडतो. त्यावर जादा ओळी घ्यायचा उपाय आहे, पण जादा ओळी म्हणजे जादा वेळ, आणि वेळ वाढला की वर सांगितलेला नाडीचा हिशेब बिघडतो. म्हणून जमेल त्याने हात वर घ्यावेत, निदान हलत्या मालिकेपुरते तरी.

टेबलावरचा क्रम साधारण असा असतो. आधी दिशा ठरवायची चित्रं. मग एका झटक्यात काढलेले टी-टू छेद, प्रत्येकी अर्ध्या सेकंदाच्या आत. पाणी, पू, गाठी, छातीतलं द्रव यांत उजळून दिसतं. मग श्वास रोखून घ्यायची पातळ छेदांची त्रिमितीय मालिका, एका दमात १५ ते २० सेकंद. नंतर मुख्य काम: समोरून मागे सहा ते आठ जाड छेद, प्रत्येकाला एक मिनिट, साध्या श्वासात. सगळं मिळून टेबलावर २५ ते ३० मिनिटं. आवाज मोठा असतो, कानात बोळे आणि वर हेडफोन दोन्ही घ्या. हलत्या मालिकेत अंग थोडं गरम झाल्यासारखं वाटतं, ते अपेक्षित आहे. एकाच जागी चटका बसल्यासारखं वाटलं तर मात्र लगेच हातातली घंटी दाबा.

श्वास रोखायच्या मालिकेत मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज हिंदी किंवा इंग्रजीत सूचना देतो. ऐकून समजायला आणि श्वास थांबवायला म्हाताऱ्या माणसाला दोन-तीन सेकंद जास्त लागतात, तोवर मशीन सुरू झालेलं असतं. पहिल्या ओळी हलत्या छातीच्या, नंतरच्या थांबलेल्या, आणि चित्रात बरगड्यांच्या सावल्या एकावर एक पडतात. टेक्निशियनने माइकवरून स्वतः सांगितलं आणि पट्ट्याची रेषा सपाट झाल्यावर बटण दाबलं तर हा प्रश्न उरत नाही. इथले टेक्निशियन मराठी आणि कन्नड दोन्ही सहज बोलतात, विचारलं तर आनंदाने माइकवरून सांगतात. पण विचारावं लागतं. सराव बाहेरच्या बाकावर करून घ्या: श्वास घ्या, पूर्ण सोडा, आता तसंच राहा. सोडलेल्या स्थितीत रोखणं सिग्नलच्या दृष्टीने चांगलं, कारण तेव्हा फुफ्फुस दाट असतं. धाप लागणाऱ्याला ते जमत नसेल तर ही मालिका सोडून द्यायला सांगा. तिच्याशिवायही हलत्या चित्राचं काम अडत नाही.

हलत्या मालिकेत पेशंटने करायचं एकच: काहीच न करणं. "मशीन चालू झालं" म्हणून लोक मुद्दाम मोठे श्वास घेतात. एक मोठा, दोन लहान, एक उसासा असं झालं की लय पसरते आणि श्वासाचा नेमका वेग सापडत नाही. पहिली वीसेक चित्रं तशीही टाकून द्यायची असतात, कारण सिग्नल स्थिरावायला तेवढा वेळ जातो. ती न टाकता हिशेब केला तर सगळ्या फुफ्फुसावर खोटा उतार येतो. आम्ही बघितलेल्या मालिकांत ही काळजी घेतलेली होती, हे मोकळेपणाने सांगतो.

या सेवेतला सर्वांत चांगला भाग श्वासपटलाचा आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर, मानेच्या दुखापतीनंतर किंवा काहीच कारण नसताना एका बाजूचा पडदा लुळा पडतो. एक्स-रेवर तो नुसता वर दिसतो. हलत्या एमआरआयमध्ये दोन्ही पडदे शेजारी-शेजारी चालताना दिसतात. शांत श्वासात निरोगी पडदा साधारण एक-दोन सेंटिमीटर खाली-वर होतो, मोठ्या श्वासात त्याच्या कितीतरी पट. खरी परीक्षा हुंगण्याची. तोंड मिटून नाकाने झटकन हुंगायला सांगतात, चांगला पडदा खाली जातो आणि लुळा पडलेला वर उचलला जातो. पण हे हुंगणं अर्ध्या सेकंदात आटोपतं. सेकंदाला तीन चित्रांनी ते हुकतं, निदान आठ-दहा हवीत. त्यासाठी छेद एकच घ्यायचा आणि ओळी कमी करायच्या. समोरून एक, आणि प्रत्येक पडद्याच्या मधोमध बाजूने एकेक. सेंटरवर ही सोय आहे आणि नीट करतात. दोन्ही पडदे कमजोर असलेल्या माणसाला आडवं पडल्यावरच दम लागतो. अशा वेळी खांद्याखाली उशी देऊन, बोटाला ऑक्सिजन मोजायचा, एमआरआयमध्ये चालणारा क्लिप लावून, हीच मालिका सर्वांत आधी उरकून घ्यावी. क्रम बदलायला सांगायचा हक्क पेशंटला आहे.

रंगीत नकाशा बघताना तीन जागांवर विश्वास कमी ठेवा: पडद्याला लागून असलेला पट्टा, हृदयाच्या कडेची किनार आणि मोठ्या रक्तवाहिन्यांचं मूळ. दोनशे चित्रं एकमेकांवर जुळवताना संगणक तिथेच चुकतो, कारण हालचाल छेदाच्या बाहेर जाते. पाठीवर झोपल्यावर पाठीकडच्या भागात रक्त जास्त असणं हे नैसर्गिक आहे, तो रोग नव्हे. आणि एकच नियम कायम लागू: नकाशावर डाग दिसला तर मूळ राखाडी मालिका लावून तो भाग खरोखर कमी हलतोय का, हे डोळ्याने बघावं.

आपल्याकडे ही तपासणी कोणाला उपयोगी? फाउंड्रीत वाळूच्या धुळीत वर्षं काढलेल्या, सिलिकोसिस झालेल्या कामगाराच्या छातीत मोठा डाग दिसला की कॅन्सरची धास्ती बसते. धुळीने झालेला तंतूंचा गोळा टी-टू चित्रात बहुधा काळसर असतो, कॅन्सरची गाठ बहुधा उजळ. हा फरक सीटीवर मिळत नाही. बायोप्सीचा निर्णय त्यावरच सोडून चालणार नाही, पण डॉक्टरच्या हातात एक भक्कम मुद्दा येतो. अथणी, रायबाग, गोकाककडच्या मेंढपाळ घरांत फुफ्फुसातली पाण्याची गाठ, म्हणजे हायडॅटिड, लक्षात ठेवावी लागते. तिचं पाणी आणि आतला सुटलेला पापुद्रा एमआरआयमध्ये लख्ख दिसतो. वडगाव, खासबागचे यंत्रमाग, निपाणीची तंबाखूची धूळ, साखर कारखान्याजवळचं कुजलेलं बगॅस (उसाचा चोथा): या सगळ्यांत हवा अडकून राहण्याचे आजार होतात आणि हवेचा नकाशा तिथे वाढ-घट दाखवू शकतो. निदानाची सुरुवात मात्र स्पायरोमेट्री, एक्स-रे आणि गरजेप्रमाणे सीटीनेच व्हावी. बारीक जाळी, मधमाशीच्या पोळ्यासारखे बदल, लहान गाठी यांत सीटीला तोड नाही.

सर्वांत जास्त फायदा लहान मुलांचा. ज्यांना जन्मजात आजारामुळे वर्षानुवर्षं फुफ्फुस तपासून घ्यावं लागतं, त्यांना दरवेळी सीटीच्या किरणांत घालणं टाळता येतं. मोठ्या माणसाच्या छातीच्या साध्या सीटीला पाच-सात मिलिसिव्हर्ट (किरणांचं माप) किरण लागतात, एमआरआयला शून्य. श्वास रोखायचा नसल्याने पाच-सहा वर्षांचं मूल झोपेचं औषध न देता समजावून पार पडतं. तान्ह्याला दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, झोप लागल्यावर आत घेतात. गरोदर बाईला छातीतली गाठ किंवा पाणी बघायचं असेल तर हा चांगला मार्ग, फक्त गॅडोलिनियमचं (कॉन्ट्रास्टचं) इंजेक्शन द्यायचं नाही. तशीही या तपासणीला इंजेक्शनची गरज नसते. कोणी बिलात कॉन्ट्रास्ट लावला असेल तर कशासाठी ते विचारा.

झेनॉन वायू हुंगवून काढलेल्या एमआरआयबद्दलही विचारणा होते. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये त्याला मंजुरी मिळाली आणि हवेचं चित्र त्यात थेट मिळतं. पण वायूला ध्रुवीकृत करणारं वेगळं यंत्र, वेगळ्या वारंवारतेची कॉइल आणि मशीनमध्येही बदल लागतात. बेळगावच्या या सेवेशी त्याचा संबंध नाही. इथे मिळतो तो साध्या हवेतला, साध्या श्वासातला नकाशा.

आता तक्रार. अर्धा तास मेहनत करून दीड हजार चित्रं काढतात आणि पेशंटच्या हातात दोन फिल्म देतात. फिल्मवर हलती मालिका म्हणजे वीस स्तब्ध चौकोन, त्यातून डॉक्टरला काहीही कळत नाही. सीडी मागितली तर देतात, पण तीत बऱ्याचदा निवडक चित्रंच टाकलेली असतात. मिरजेला किंवा कोल्हापूरला दुसरं मत घ्यायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. काउंटर सोडण्यापूर्वी संपूर्ण डायकॉम डेटा (मशीनमधली मूळ चित्रं) पेनड्राइव्हवर घ्या आणि तिथल्याच संगणकावर एक मालिका चालवून दाखवायला सांगा. पडदा हलताना दिसला की मगच निघा.

रिपोर्टमध्ये "डाव्या खालच्या भागात वायुवीजन कमी" एवढंच वाक्य असतं. किती कमी, कोणत्या छेदात, पडदा किती सेंटिमीटर हलला, हुंगताना कोणत्या दिशेला गेला, काहीच नसतं. हा डेटा मशीनमध्ये असतो, लिहायला पाच मिनिटं लागतात. आम्ही या बाबतीत सेंटरला काठावर पास करतो.

आणि जे पेशंट सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुन्हा येणार, त्यांच्यासाठी ही नोंद फार महत्त्वाची. हवेचा आकडा श्वासाच्या खोलीवर अवलंबून असतो. मागच्या वेळी १२ मिलिमीटरचा छेद आणि मिनिटाला २०० फ्रेम, या वेळी १५ चा छेद आणि ४०० फ्रेम असतील, तर टक्क्यांतला फरक फुफ्फुसाचा की सेटिंगचा हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून रिपोर्टच्या पाकिटावर टेक्निशियनकडून एवढं लिहून घ्या: छेदांची संख्या आणि जाडी, मिनिटाला फ्रेम, त्या वेळची नाडी आणि श्वासाची गती, हात वर होते की खाली, शेवटचा इनहेलर किती वाजता. पुढच्या वेळी अपॉइंटमेंट घेताना ते पाकीट सोबत न्या आणि मशीन सुरू व्हायच्या आधी कन्सोलवरच्या माणसाच्या हातात द्या.